मार्वेच्या चिखलात मुळं वर का वाढतात?

मुंबईच्या मालाडमध्ये मालवणी मागे टाकून मार्वेच्या जेट्टीवर पोचलं, की मनोरीला नेणारी बोट समोर असते. पलीकडच्या शांत किनाऱ्याच्या ओढीत बहुतेकांचं लक्ष खाडीकाठच्या चिखलाकडे जातच नाही. ओहोटीच्या वेळी तिथं थोडं थांबावं. तिवराच्या झाडांभोवती वीतभर उंचीच्या असंख्य काड्या चिखलातून सरळ आभाळाकडे निघालेल्या दिसतात. त्या कुणी रोवलेल्या नाहीत. ती तिवराची मुळं आहेत. झाडाची मुळं, आणि जमिनीतून वर!

कारण खाली हवाच नाही. खाडीचा गाळ इतका बारीक आणि पाण्यानं भरलेला असतो की वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू उरत नाही. तिथले जीवाणू त्याऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला नाकात शिरणाऱ्या कुजकट वासात त्याचा मोठा वाटा असतो, उरलेला शहराच्या सांडपाण्याचा. अशा जागी आंब्याचं कलम गुदमरून मरेल. तिवराच्या मुळांवर मात्र सूक्ष्म रंध्रं असतात. पाणी उतरलं की ती हवा आत घेतात आणि आतल्या पोकळ जाळीतून ती खोलवरच्या मुळांना पोचते. जेमतेम दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला अशी १०,०००हून जास्त श्वसनमुळं असू शकतात. आपण झाडाकडे बघतो, आणि त्याचा मोठा पसारा आपल्या पायांशी असतो.

मग मिठाचं काय? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढं खारं पाणी बहुतेक झाडांच्या मुळांना पितच येत नाही. तिवर पाणी ओढतानाच बहुतांश मीठ मुळांशी अडवतो. तरी जे आत शिरतं, ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान उलटून पाहा, मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावलं तर चवही कळते.

खाडीकाठच्या या झाडांतलं मला सर्वांत थक्क करणारं झाड मात्र कांदळ. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखं लांब हिरवं रोप फांदीला महिनोन्‌महिने लोंबकळतं, आईच्या रसावर वाढतं आणि तयार झालं की गळून पडतं. ओहोटी असेल तर तिथंच चिखलात रुतायचं, भरती असेल तर तरंगत दुसरा किनारा गाठायचा. उघड्या बीला लाट वाहून नेईल, मीठ मारून टाकेल. म्हणून कांदळ बी पाठवतच नाही, थेट रोप पाठवतो.

तिवर-कांदळांच्या मुळांत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, माशांची पिल्लं लपतात. चिंबोऱ्या बिळं करतात. निवटी तर मासा असून चिखलावर उड्या मारते आणि ओल्या कातडीतून श्वास घेते. गळालेली पानं हवेवाचून नीट कुजत नाहीत, त्यामुळे त्यांतला कार्बन शेकडो वर्षं गाळात गाडलेला राहतो.

हे सगळं आपल्याला उशिरा कळलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि खाडीकाठ बुजवण्याची किंमत शहरात बोलली जाऊ लागली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं, म्हणजे तिवर-कांदळांसारख्या झाडांची ही खाडीकाठची जंगलं, तोडण्यास मनाई केली. २०१२मध्ये राज्यानं स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला, २०२०मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. तरीही वर्सोवा ते भाईंदर या किनारी रस्त्याच्या वाटेत हजारो झाडं येतात. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दूर कुठं तरी रोपं लावणं मला पुरेसं वाटत नाही. मालाडच्या खाडीचं पाणी मालाडच्याच मुळांनी अडवायला हवं.

मुलांना हे दाखवायचं असेल तर बोरिवलीच्या गोराईत कांदळवन उद्यान आकाराला आलं आहे. तिथं किंवा मार्वेला जाताना आधी ओहोटीची वेळ बघा. भरतीत मुळं पाण्याखाली असतात. आणि चिखलात उतरू नका, श्वसनमुळं पायाखाली सहज मोडतात.