गोड वाफेतील विष

तंबाखूच्या धुरापासून होणारे अपाय आता सर्वांना ठाऊक आहेत. या धुरावाचून निकोटिन घेता यावे, म्हणून हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली विजेवर चालणारी सिगारेट तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीच्या साहाय्याने एक द्रव तापतो व त्याच्या सूक्ष्म कणांचे धुके बनते. यालाच लोक वाफ म्हणतात. राख नाही, दुर्गंधी नाही, उलट फळांचा सुवास! साहजिकच पुष्कळांना ती निरुपद्रवी वाटली.

परंतु या द्रवात बहुधा निकोटिन असतेच. मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. त्या काळात निकोटिनची सवय जडली, तर अवधान व अध्ययन या शक्तींना बाध येतो आणि व्यसन अधिक घट्ट होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात काही धडधाकट मुले धाप, खोकला व ताप यांनी बेजार होऊन रुग्णालयात आली. लक्षणे न्यूमोनियाची, पण रोगजंतू सापडेनात! डॉक्टरांनी मुलांची धीराने विचारपूस केली, तेव्हा ती सारी अशी वाफ ओढत असल्याचे कळले. त्यांनी हे आरोग्यखात्यास तत्काळ कळविले. मग इतर राज्यांतूनही असेच रुग्ण पुढे आले. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या देशात अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ६८ जण दगावले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला असता ४८ जणांत 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' हा तेलकट पदार्थ आढळला. गांजाचा अर्क असलेल्या चोरट्या मालात तो मिसळला जात असे. जो पदार्थ पोटात गेल्यास सहसा बाधत नाही, तोच फुप्फुसांत घातक ठरला.

यावरून डॉक्टरांचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते. धाप लागलेल्या तरुणाला, "तू वाफ ओढतोस का?" असे त्यांनी एकांतात व न रागावता विचारले पाहिजे. दरडावले तर रुग्ण सत्य लपवितो, आणि सत्य लपले की निदान चुकते. व्यसन सोडताना चिडचिड होते, झोप उडते. अशा वेळी उपदेशापेक्षा उपचार व धीर यांचीच गरज अधिक असते.

भारताने २०१९ साली कायदा करून या सिगारेटची निर्मिती, आयात व विक्री बंद केली. तथापि कायदा दुकान बंद करू शकतो. मोहाला दार बंद करणे मात्र ज्याचे त्यानेच शिकले पाहिजे.