गोष्ट लिहून झाली, पुढे काय? मुलांसाठी लिहिणं आणि छापणं

घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आणि मेट्रोचे खांब चुकवत आलात, त्याबद्दल आभार. गेल्या वेळी दोन श्रोते डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर जाऊन हॉल शोधत होते, म्हणून यंदा निमंत्रणात ‘ठाण्याचं मानपाडा’ असं ठळक छापलं.

विषय आहे मुलांसाठी गोष्टी लिहिण्याचा आणि त्या छापण्याचा. सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

आठ वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलांना गोष्टी सांगायला सुरुवात केली. दोघे निवृत्त शिक्षक, एक बँकेतल्या, एक चित्रं काढणाऱ्या. वर्षभरात वाटायला लागलं की आपल्यालाही लिहिता येईल. पहिली गोष्ट चिमणीची. उपाशी चिमणीला दुसऱ्याच्या अंगणात दाणा सापडतो, ती तो परत करते, सगळे तिचं कौतुक करतात. वाचून झाल्यावर सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “पण तिला भूक लागली होती ना?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. गोष्टीत भूक आम्हीच आणली होती आणि शाबासकी मिळताच तिला विसरून गेलो होतो. मुलगी मात्र शेवटपर्यंत त्या भुकेबरोबर होती. मुलांसाठी लिहिणारे बहुतेक जण इथेच अडकतात. तात्पर्य आधी ठरतं, मग त्याला पाय फुटावेत म्हणून एखादा प्राणी धरून आणला जातो. त्या प्राण्याला स्वतःचं काही हवं असेल, हे आपल्या लक्षातच येत नाही.

बोध नकोच, असं आम्ही म्हणत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, ते संस्कारांसाठीच. पण त्याची रचना बघा. बेचाळीस रात्री, आणि प्रत्येक रात्री श्याम समोर बसलेल्या मित्रांना सांगतोय. कागदावर लिहितानाही समोर ऐकणारी माणसं आहेत, आणि सांगणारा स्वतःच्या चुका लपवत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. तो ‘एका गावातला एक मुलगा’ नाही, तो फुरसुंगीचा बनेश फेणे आहे, पुण्यात विद्याभवनात शिकतो. गाव, शाळा, सायकल सगळं ठरलेलं. पत्ता पक्का असला की मूल पुढचं अचाट साहसही मान्य करतं.

आता पत्त्याचीच दुसरी बाजू. आमच्या एका गोष्टीत दोन मुलं जंगलात हरवतात आणि घाबरतात. येऊरच्या बाजूच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, “मग सरपण आणायला कोण गेलं होतं?” त्याच्या लेखी जंगल म्हणजे रोजची वाट. आम्ही जंगल खिडकीतून पाहून लिहिलं होतं. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. लेखकालाही हे लागू आहे. ज्या मुलांसाठी लिहायचं, त्यांच्यात बसून आधी ऐकायचं.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. मोठ्यांनी वाचून दाखवायची गोष्ट आणि मुलाने स्वतः वाचायची गोष्ट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऐकताना मूल अवघड शब्दही मजेत गिळतं. स्वतः वाचताना ‘प्रामाणिकपणा’ किंवा ‘आश्चर्यचकित’ इथे त्याचं बोट थांबतं. म्हणून नवशिक्या वाचकासाठी जोडाक्षरं कमी ठेवायची, वाक्य एका ओळीत मावेल असं बघायचं. विचार मात्र सोपा करायची गरज नाही.

आणि चित्र. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांची पुस्तकं घेऊन एक प्रयोग करा. आधी फक्त मजकूर वाचा, मग फक्त चित्रं बघा. बऱ्याच गोष्टी फक्त चित्रात असतात. आम्ही मात्र ‘मीनाने लाल फ्रॉक घातला होता’ असं लिहून शेजारी लाल फ्रॉकची मीना काढली होती. चित्रात दिसतं ते वाक्यातून काढा, निम्मी गोष्ट हलकी होते.

पानांचा हिशेबही लिहितानाच करायचा. छापखान्यात मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. मधे पिना मारलेल्या पुस्तकात पानं चारच्या पटीतच येतात. चोवीस पानांच्या पुस्तकातून शीर्षक, माहिती वगैरे वजा केलं की गोष्टीला वीसेक पानं उरतात, म्हणजे समोरासमोरच्या दहा जोड्या. कोरे कागद दुमडून डमी करा, मजकूर कापून चिकटवा आणि पानं उलटत मोठ्याने वाचा. पान उलटायच्या क्षणी मुलाला पुढचं बघावंसं वाटतं का, एवढंच तपासायचं.

कुठे पाठवायचं? आधी वाचायचं. वि. कों. ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढलं, निदान तेव्हापासून मराठीत मुलांची मासिकं आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. कुठल्याही कार्यशाळेपेक्षा हे चांगलं शिक्षण आहे. पन्नास वर्षांत संपादकांनी काय निवडलं, हे एका जागी बसून कळतं. शिवाय प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ आहे, २०१५ पासूनचं. तिथल्या गोष्टींचा परवाना खुला असतो. नाव देऊन कोणीही त्यांचं भाषांतर करू शकतो, त्या छापू शकतो, विकूसुद्धा शकतो. आपली गोष्ट तिथे ठेवताना हे समजून ठेवायची.

आता ज्यासाठी खरं तर हे व्याख्यान ठेवलं, ते सांगतो. आम्ही घाई केली. एका प्रकाशकाला आम्हीच पैसे दिले आणि हजार प्रती छापल्या. त्यातल्या सहाशेच्या आसपास अजून माळ्यावर आहेत. ते दुःख पैशांचं. मोठी चूक वेगळीच होती. आलेला कागद न वाचता आम्ही सही केली. त्यात लिहिलं होतं, ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, रूपांतरासह, कायमस्वरूपी.’

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गोष्ट लिहिताक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि तुमची सही लागते. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क समोरच्याने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत येतो. म्हणजे कायदा गप्प बसणाऱ्या लेखकाची बाजू बरीच सांभाळतो. पण ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली आपणच सही केली की ती सांभाळ संपली. म्हणून मुदत, भाषा, आवृत्ती आणि मानधन, चारही गोष्टी कागदावर हव्यात. चित्रकाराचा वेगळा कागद करा, मैत्रीण असली तरी.

स्वतःच छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक दिल्लीची राजा राममोहन राय संस्था मोफत देते आणि लेखकालाही अर्ज करता येतो. कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे, ते विचारा. आणि प्रकाशक तुम्ही, म्हणजे १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं हे तुमचंच काम. नवीन मंडळी हे हमखास विसरतात.

चिमणीची गोष्ट आम्ही पुन्हा लिहिली. आता ती अर्धा दाणा खाते, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं यावर गोष्ट चालते. ती प्रश्न विचारणारी मुलगी यंदा दहावीत आहे. तिला वाचायला दिली, तर म्हणाली, “शेवटचा परिच्छेद काढा.” काढला. पण ही गोष्ट आम्हाला छापता येत नाही, कारण रूपांतराचा हक्कही त्याच कागदात गेला. हक्क परत मागणारी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तिसरं गेल्या सोमवारी स्पीड पोस्टाने गेलं, त्याची पावती इथे फाइलमध्ये आहे. तो करारही आणलाय. ज्यांना बघायचा असेल त्यांनी पुढे या, तोवर बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.