वाफेची वीज, पांढरा गाळ आणि काँक्रीट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोळशावर वीज तयार केली की राख उरते, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे या ठिकाणच्या लोकांनी ती राख पाहिली आहे आणि वाऱ्याच्या दिवसांत अंगावरही घेतली आहे. पुढे याच राखेला सिमेंटच्या कारखान्यात जागा मिळाली. आज दुकानातून आणलेल्या पोत्यावर ‘पीपीसी’ अशी अक्षरे असली, तर त्या सिमेंटमध्ये बहुधा औष्णिक केंद्राची राख मिसळलेली असते. नकोशी वस्तू कामाची झाली, ती अशी.

पण जमिनीच्या पोटातील उष्णतेपासून केलेल्या विजेचे काय? तिथे कोळसा नाही, धुराडे नाही, राखही नाही. खोल विहीर खणायची, आतले तापलेले पाणी वर आणायचे, त्याच्या वाफेवर जनित्र फिरवायचे. ही वीज अगदी स्वच्छ, मागे काही उरणारच नाही, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तिथेही एक गोष्ट उरते. ती म्हणजे पांढरा, चिकट, खारट गाळ. या गाळापासून इमारतीचे काँक्रीट करता येईल का, हा आजचा आपला विषय.

यासाठी मेक्सिकोच्या वायव्य टोकाला जाऊ. अमेरिकेच्या सीमेला लागून मेहिकाली नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला वाळवंटी मैदानात एक लहानसा मृत ज्वालामुखी उभा आहे. त्याचे नाव सेरो प्रिएतो, म्हणजे काळी टेकडी. या टेकडीजवळ १९७३ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि पुढे ते जगातील मोठ्या भूऔष्णिक केंद्रांपैकी एक ठरले. येथील विहिरी दोन-तीन किलोमीटर खोल जातात आणि तळाशी पाण्याचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वरच्या दाबामुळे ते पाणी उकळत नाही, द्रवच राहते.

इतक्या तापलेल्या पाण्यात खडक विरघळतो. खडकातला मोठा घटक म्हणजे सिलिका, अर्थात नदीच्या वाळूतला मुख्य पदार्थ. साखरेच्या पाकाचे उदाहरण घ्या. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते. पाक थंड झाला की जास्तीची साखर खड्यांच्या रूपाने बाहेर पडते. सिलिकाचे तसेच आहे. २५० अंशांच्या पाण्यात किलोमागे सुमारे ५०० मिलिग्रॅम सिलिका असते. पाणी वर आले, दाब उतरला, की त्यातला साधारण चौथा भाग वाफ होऊन निघून जातो. वाफ सिलिका घेऊन जात नाही. त्यामुळे मागे राहिलेल्या पाण्यात ती आणखी दाट होते, किलोमागे साडेसहाशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते. १०० अंशांना पाणी सुमारे ३६० मिलिग्रॅमच सांभाळू शकते, २५ अंशांना तर जेमतेम १२०. उरलेली सिलिका जाणार कुठे? ती बाहेर पडते.

हिशेब केला तर १०० अंशांपर्यंत येतानाच हजार टन पाण्यामागे जवळपास ३०० किलो सिलिका जास्तीची होते. मोठ्या केंद्रात असे पाणी तासाला हजारो टन निघते. ही सिलिका नळांच्या आतून थरावर थर चढवते, झडपा अडवते आणि वापरलेले पाणी जमिनीत परत सोडण्याच्या विहिरी बुजवते. कामगारांना ती खरवडून काढावी लागते. सेरो प्रिएतोला बरेचसे पाणी मोठ्या बाष्पीभवन तलावात सोडले जात आले. तिथे सिलिका तळाशी बसते आणि सोबत मीठही. सीमेपलीकडे कॅलिफोर्नियात, साल्टन सी भागात, पाणी त्याहून खारट, समुद्राच्या सुमारे सातपट. तिथे सिलिका मुद्दाम टाक्यांत बसवून, गाळून, वड्यांसारखी बाहेर काढतात. ती नेऊन टाकण्याचा खर्चही केंद्राच्याच माथी येतो.

आता ही नकोशी वस्तू सिमेंटवाल्यांना हवीशी का वाटावी? सिमेंटमध्ये पाणी घातले की दोन गोष्टी तयार होतात. एक घट्ट चिकट पदार्थ, जो खडी आणि वाळूला धरून ठेवतो. दुसरा चुना, जो ताकदीत फारशी भर घालत नाही आणि पाण्यात हळूहळू विरघळतो. या चुन्याला बारीक सिलिका मिळाली, तर दोघांच्या संयोगातून पुन्हा तोच घट्ट पदार्थ बनतो. मात्र सिलिका ‘जागी’ असावी लागते. वाळूतली सिलिका स्फटिकाच्या शिस्तीत बांधलेली असते आणि चुन्याशी सहसा बोलत नाही. विहिरीच्या पाण्यातून घाईने बाहेर पडलेल्या सिलिकाला स्फटिक होण्याइतका वेळच मिळालेला नसतो. ती काचेसारखी विस्कळीत असते, कणही अतिशय सूक्ष्म असतात आणि म्हणून ती चुन्याशी चटकन संयोग पावते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींत चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालत. तिचे कार्य हेच. आधुनिक काळातले उदाहरण म्हणजे सिलिका फ्यूम. फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांचा हा धूर एके काळी सरळ धुराड्यातून आकाशात जाई. १९७० च्या दशकात नॉर्वेसारख्या देशांत प्रदूषणाचे नियम कडक झाले, धूर गाळणीत पकडला जाऊ लागला आणि त्या पुडीचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर काँक्रीटमध्ये सापडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळील उड्डाणपुलासाठी वापरलेल्या एम-७५ दर्जाच्या काँक्रीटमध्ये सिलिका फ्यूम होती. म्हणजे बारीक सिलिकाने काँक्रीट मजबूत होते, याविषयी शंका उरलेली नाही.

मेक्सिकोतील संशोधकांनी सेरो प्रिएतोच्या गाळावर नेमका हाच विचार केला. सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी हा गाळ घातला, नमुने केले, ते वेगवेगळ्या तापमानांत पिकवून दाबून पाहिले. गाळ क्रियाशील आहे, चुना खातो, हे दिसून आले. पण त्याबरोबरच खरी अडचणही समोर आली. ती म्हणजे मीठ.

इथे ‘बांधकामाचे काँक्रीट’ या शब्दांवर जरा थांबू. फरसबंदीचे ठोकळे किंवा कुंपणाची भिंत यांत लोखंड नसले तरी चालते. घराचे खांब, तुळया, स्लॅब, पुलाचे गर्डर यांत मात्र पोलादी सळया असतात. चांगल्या काँक्रीटमधल्या क्षारधर्मी वातावरणात सळईवर एक अदृश्य संरक्षक थर तयार होतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मिठातले क्लोराइड तो थर फोडते. सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते, आणि पापुद्रे पडू लागतात. समुद्राकाठच्या जुन्या इमारतींत ओघळलेले तपकिरी डाग आपण पाहतो, ते हेच.

किती मीठ चालते? आपल्या आय. एस. ४५६ या भारतीय मानकानुसार सळयांच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नसावे. आता समजा, एका घनमीटरला ४०० किलो सिमेंट लागते आणि त्यातले दहा टक्के, म्हणजे ४० किलो, काढून आपण गाळ घातला. गाळ न धुता वापरला आणि त्यात पाच टक्के क्लोराइड असले, तर काँक्रीटमध्ये एकट्या गाळातूनच २ किलो क्लोराइड आले. मर्यादेच्या तिपटीहून अधिक. तोच गाळ गरम पाण्याने नीट धुऊन क्लोराइड अर्ध्या टक्क्यावर आणले, तर आकडा ०.२ किलोवर येतो. शिवाय सिमेंट, पाणी आणि वाळूतले क्लोराइड त्यात मिळवावे लागते ते वेगळेच. खारट आणि धुतलेला, अशा दोन गाळांत सुरक्षित घर आणि गंजणारे घर एवढा फरक आहे.

आणि यात एक फसवी गोष्ट आहे. क्लोराइडमुळे सिमेंट लवकर घट्ट होते. म्हणून न धुतलेल्या गाळाचा नमुना पहिल्या काही दिवसांत अधिक चांगला वाटू शकतो. २८ दिवसांनी क्यूब दाबला की आकडा मिळतो, दाखला मिळतो. गंजाला मात्र वर्षे लागतात आणि तो क्यूबमध्ये दिसत नाही, कारण क्यूबमध्ये सळईच नसते. मेहिकालीच्या खोऱ्यात तर आणखी एक हिशेब आहे. तिथून मोठे भूभ्रंश जातात. ४ एप्रिल २०१० रोजी तिथे ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. ज्या भूमीतून वाफ मिळते, ती बहुधा हलणारी भूमी असते. तिथल्या खांबातील सळई अर्धी गंजलेली असून चालणार नाही.

मिठाखेरीज तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, गुठळ्या. सुकलेल्या गाळाचे गोळे तसेच काँक्रीटमध्ये गेले, तर ते सिमेंटमधल्या क्षारांशी संयोग पावून फुगतात आणि तडे पाडतात. म्हणून गाळ दळून अगदी मोकळा करावा लागतो. दुसरी, तहान. कण बारीक असल्याने पाणी जास्त लागते आणि जास्त पाणी म्हणजे कमी ताकद. त्यावर प्लास्टिसायझर हा उपाय आहे, पण त्याचा खर्च असतो. तिसरी, जड धातू. जमिनीखालचे पाणी कधी आर्सेनिक, कधी शिसे घेऊन येते. म्हणून प्रत्येक खेपेचा गाळ तपासूनच घ्यायचा, एका केंद्राचा दाखला दुसऱ्याला लावायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? एक टन क्लिंकर भाजताना सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, आणि जगात वर्षाला सिमेंट लागते सुमारे ४ अब्ज टन. भूऔष्णिक गाळ त्यापुढे मूठभर आहे, त्याने जगाचा प्रश्न सुटणार नाही. पण जिथे केंद्र आहे, त्याच्या आसपासच्या गावांत त्याचा उपयोग होऊ शकतो. नळ बुजण्याचा, गाळ टाकण्याचा आणि सिमेंट दुरून आणण्याचा, असे तीन खर्च एकाच वेळी हलके होतात. सुरुवात सळई नसलेल्या ठोकळ्यांपासून करावी, तिथे आय. एस. ४५६ ची मर्यादाही ३ किलोची आहे. अनुभव जमला, मीठ आटोक्यात आले, की खांब-तुळयांकडे वळावे.

आपल्या कोकणातली उन्हाळी, तुरळ, आरवली, वज्रेश्वरीची कुंडे या कामी येणार नाहीत. त्यांचे पाणी अंघोळीपुरतेच गरम आहे, इतक्या कमी उष्णतेत सिलिका फारशी विरघळत नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात मात्र भूऔष्णिक विजेसाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला. तिथे सिमेंटचे एकेक पोते घाट ओलांडून न्यावे लागते. केंद्र उभे राहील तेव्हा त्याच्या आराखड्यात विहिरी आणि जनित्राबरोबर गाळ बसवण्याची टाकी आणि धुण्याची सोय आधीच काढलेली असावी. राखेच्या बाबतीत आपण ढीग साचल्यावर जागे झालो. पांढऱ्या गाळाच्या बाबतीत तो साचण्याआधी विचार करायला वेळ आहे.