ब्लॉगचा ओनरशिप फ्लॅट

वांगणी म्हटलं की ऑफिसात हमखास विचारतात, "बदलापूरच्या पुढची ना? कर्जत लोकल?" ती नव्हे. माझी वांगणी जव्हार-मोखाड्याकडची, पालघर जिल्ह्यातली. तिथे लोकल जात नाही आणि पावसाळ्यात मोबाइलची रेंज म्हणजे नशिबाचा भाग. बाबा तिथे शाळेत गुरुजी होते. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला २०१४ ला. हळव्या-गरव्या भाताची नावं, नागली-वरईचे प्रकार, बोहाड्यात रात्रभर नाचणारी सोंगं, सगळं ते एका वहीत टिपून ठेवायचे. २००८ पासून मी ती वही थोडीथोडी करून ब्लॉगवर चढवत आलेय. फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर, अर्थात.

गेल्या महिन्यात तिथल्या आताच्या बाईंचा फोन आला. "ताई, मुलांनी बोहाड्याची पुस्तिका केलीय. दोनशे प्रती छापतोय. मागच्या पानावर गुरुजींच्या वहीचा पत्ता टाकायचाय, क्यूआर कोडसकट. पत्ता हाच राहील ना? नंतर बदलणार नाही ना?"

"राहील की!" मी ठोकून दिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, कशाच्या जोरावर?

आमच्या आयटीवाल्याचं मत तयारच होतं. "इतकी वर्षं फुकटात काय राहतेस? स्वतःचं डोमेन घे, होस्टिंग घे, वर्डप्रेस टाक. ओनरशिपचा फ्लॅट!" त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. जिओसिटीज आठवतंय? कॉलेजात असताना निम्म्या जगाची होमपेजेस तिथे होती. याहूने ते २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. त्याआधीचा २००६ चा जुलै तर आपल्या मुंबईचाच. ११ तारखेला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या काही दिवसांत सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर कित्येक इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. स्फोटांनंतर मदतीची माहिती देणारा 'मुंबई हेल्प' ब्लॉगही त्याच पत्त्यावर होता. एका फ्लॅटवर नोटीस आणि अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद, असला प्रकार.

पण मला खरी टोचली ती २०२० ची गोष्ट. २०१२ पासून भारतात ब्लॉगस्पॉटचं पान उघडलं की पत्त्याच्या शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट इन दिसायचं. लोकांनी तोच पत्ता कॉपी करून जिथे तिथे दिला. जुलै २०२० मध्ये बातमी आली की ते डॉट इनवालं नाव गूगलच्या हातातून निसटून भलत्याच कुणाकडे गेलंय. डॉट कॉमवाले पत्ते ठणठणीत होते, डॉट इनवाले दुवे मेले. नाव सांभाळायचं काम गूगललाही जमेलच असं नाही म्हणजे!

मग पैसे भरणारे सुखी का? टाइपपॅड ही पैसे घेऊन ब्लॉग ठेवणारी जुनी सेवा. तीही ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. त्यामुळे पावती फाडली म्हणजे घर आपलं झालं, या भ्रमात राहू नका.

तरी एका रविवारी चहाचा थर्मास भरून हिशोबाला बसले. (अकाउंट्समध्ये असण्याचा एवढाच फायदा.) मला मिळालेला होस्टिंगचा भाव महिना दीडशे, पण तीन वर्षांचे पैसे आत्ताच भरायचे. १८ टक्के जीएसटी धरून ६,३७२ रुपये. खाली बारीक अक्षरात होतं की नूतनीकरणाला महिना चारशे, म्हणजे कर धरून वर्षाला ५,६६४. डोमेनचे हजार-बाराशे वेगळे. महिन्याला मल्टिप्लेक्सचं एक तिकीट आणि पॉपकॉर्न एवढाच खर्च, परवडतो. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे जागेचे. पण त्याचे अपडेट, बॅकअप, घुसखोरांपासून राखण, हे सगळं आपल्याच गळ्यात.

मित्राच्या रिकाम्या जागेवर ट्रायल घेतली. १४३ लेख आले, कॉमेंट्स आल्या. फोटोही दिसले, पण जुन्याच घरातून येत होते! ब्लॉगच्या बॅकअप फाइलमध्ये लेख असतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात. जुनं घर मोडलं असतं तर मुखवटे गायब. शिवाय मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पानाच्या पत्त्यात नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा टाकतो. प्रत्येक मराठी ब्लॉगवाल्याकडे अशी डझनावारी पानं असतात. वर्डप्रेस देवनागरी घेतं, पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची हातभर शेपटी होते.

वर मी हौसेने सरकत्या चित्रांची थीम लावलेली. बाईंना उघडून बघायला सांगितलं. "ताई, नुसतं गोल गोल फिरतंय." जुनं साधं पान त्याच फोनवर पटकन उघडलं. हा मुद्दा माझ्या वायफायवाल्या ऑफिसात मला कधी सुचलाच नसता.

आणि मग बाबांचा नंबर आठवला.

बाबा २०१९ ला गेले. त्यांचा मोबाइल रिचार्ज करायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आता व्हॉट्सअॅपवर त्या नंबरपुढे कुणाच्या तरी बुलेटचा फोटो आहे. डोमेनचंही तसंच. मुदत संपली की काही दिवस सवलत, मग दंड भरून सोडवायला महिनाभर, नंतर ते जो मागेल त्याचं. होस्टिंग तर त्याहून आधी झोपतं. ज्यांचे लेखक कधीच गेले असे कितीतरी फुकटचे ब्लॉग मी आजही वाचते. पैसे भरून केलेलं घर मात्र शेवटचा हप्ता चुकेपर्यंतच उभं. अर्थात फुकटच्यालाही मुदत आहेच. दोन वर्षं कुणी लॉगइन केलं नाही तर खातं मजकुरासकट काढून टाकू शकतो, असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलंय.

तुम्ही ब्लॉगवरून काही विकत असाल किंवा असल्या खटपटीत रमत असाल, तर जरूर स्वतःचं होस्टिंग घ्या. माझी गरज वेगळी होती. दोनशे पुस्तिकांवर छापायचं होतं ते नाव. सामान कुठल्या मशीनवर आहे, याच्याशी त्या क्यूआर कोडला देणंघेणं नाही. म्हणून मी नुसतं नाव विकत घेतलं, एकदम दहा वर्षांसाठी (डॉट कॉमला त्याहून जास्त देत नाहीत), साधारण बारा हजारांत. ब्लॉगर आपलं नाव फुकटात जोडून देतो आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. उद्या ब्लॉगर बंद पडला तर नाव दुसरीकडे वळवायचं. नावाचीच मुदत चुकली तर जोडणी काढून जुन्या पत्त्यावर परत. डॉट भारतचा मोहही झाला होता. २०१४ पासून देवनागरीत नाव मिळतं, पण काही अॅपमध्ये त्याची इंग्रजी अगम्य अक्षरं होतात, म्हणून सोडलं.

बाईंना ब्लॉगवर दुसरी अॅडमिन केलंय. मुदतीची तारीख माझ्या, भावाच्या आणि त्यांच्या फोनमध्ये आहे. मूळ फोटोंसकट सगळी प्रत पेनड्राइव्हवर घालून शाळेत पाठवली.

पुस्तिका छापायला जाण्याआधी बाईंचा पुन्हा फोन. "ताई, रेंज नसली तर मुलं बघणार कशी? सोंगांचा क्रम आतच छापूया का?" यादी त्यांनी ब्लॉगवरून उतरवून घेतली होती. त्या लेखाखाली २०१० ची बाबांची एकमेव कॉमेंट आहे: "क्रम चुकला. गणपतीनंतर सारजा. दुरुस्त करणे."

"यादी दुरुस्त केलीय," बाई म्हणाल्या. "पण गुरुजींची ही ओळपण घेऊ का खाली?"

घ्या म्हटलं.