जेऊरला स्वतःची चौकट

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात राज्यातल्या तापमानांची यादी छापून येते, ती कधी वाचलीय का? सोलापूर, मालेगाव, अकोला अशा तापलेल्या नावांत एक छोटंसं नाव असतं: जेऊर. करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, उजनी धरणाच्या फुगवट्याजवळचं गाव. तिथं पारा किती चढला हे साऱ्या महाराष्ट्राला कळतं. पण शंभर वर्षांनंतरचं हवामान सांगणारे जे मोठमोठे संगणक आहेत, त्यांना जेऊर दिसतं का?

त्यासाठी आधी संगणकात पृथ्वी कशी मांडतात ते बघू. शास्त्रज्ञ जमीन, समुद्र आणि वरची हवा यांचे चौकोनी तुकडे पाडतात. एका चौकटीला एकच तापमान, एकच वारा, एकच बाष्प, आणि जमिनीची उंचीसुद्धा एकच! मग सूत्रं लावून काही मिनिटांनंतर काय होईल ते काढायचं, त्यावरून त्याच्या पुढचं, असं करत करत शंभर वर्षं गाठायची. याला म्हणतात हवामानाचं मॉडेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, असं एक मॉडेल तयार केलं आहे. त्याची चौकट साधारण २०० किलोमीटरची.

आता नकाशा काढा. लोणावळ्याच्या किंचित पश्चिमेला चौकटीची डावी कड धरा आणि २०० किलोमीटर पूर्वेला सरका. उजव्या कडेपाशी कोण आलं? जेऊर! म्हणजे लोणावळा, पुणे, बारामती आणि जेऊर सगळे एकाच चौकटीत.

आणि इथंच सगळा घोळ होतो. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि धो धो कोसळतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट मागे टाकून पुण्यात आलं की सातशे-आठशेच. जेऊर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथं तर साडेपाचशेच्या आसपास. त्यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. पण चौकटीला उंची एकच, म्हणून संगणकातला सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतच नाही. त्याचा पसरट उंचवटा होतो. वारा त्यावरून हळूहळू चढतो. घाटातला पाऊस कमी पडतो आणि उरलेला पलीकडं पसरतो.

जेऊरला हे दोन्हीकडून लागतं बरं का. डोक्यावरचा पाऊस चुकला तर ज्वारीचा अंदाज चुकला. आणि उजनी भरते कशानं? जेऊरच्या पावसानं थोडीच! भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्या दूर घाटात उगम पावतात, तिथल्या पावसानं ११७ टीएमसीचं हे धरण भरतं. कंदर गावच्या केळीच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. म्हणून घाट वेगळा आणि जेऊर वेगळं दिसायलाच हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग चौकट लहान करा की! उजनीत मासे धरणाऱ्यांना विचारा. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून छोटी चिलापी निसटते. बारीक भोकांचं जाळं तिला धरतं, पण पाण्यातून ओढताना दम काढतं. संगणकाचाही असाच दम निघतो. चौकटीची बाजू निम्मी केली की एका चौकटीच्या चार होतात. शिवाय एका पावलात वाऱ्यानं अख्खी चौकट ओलांडून चालत नाही, म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. चार दुणे आठ! २०० वरून २५ किलोमीटरवर यायचं तर बाजू तीनदा निम्मी करायची, म्हणजे ८ × ८ × ८ = ५१२ पट काम. एका दिवसात होणाऱ्या गणिताला जवळजवळ दीड वर्ष लागेल!

चौकटी पाडून हवामान काढायचं हे गणित पहिल्यांदा हातानं करून पाहिलं लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होता, आणि सवड मिळेल तेव्हा आकडेमोड करत होता. त्याच्या चौकटीही साधारण २०० किलोमीटरच्याच होत्या! सहा तासांचा अंदाज काढायला त्याला कित्येक आठवडे लागले, आणि उत्तर भलतंच चुकलं. तरी १९२२ साली त्यानं ते सगळं पुस्तकात छापलं. ६४,००० माणसं एका भव्य सभागृहात बसून जगाचं हवामान मोजताहेत, असं स्वप्नही त्यानं त्यात लिहिलं. मला हा माणूस फार आवडतो.

आज ते काम पुण्यातला 'अर्क' हा महासंगणक करतो. त्याच्या बळावर २६ मे २०२५ ला 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. तिची चौकट फक्त ६ किलोमीटरची. त्याआधीची १२ ची होती. सहा किलोमीटरमध्ये जेऊर आणि त्याच्या आजूबाजूची शिवारं, एवढंच मावतं. लोणावळा कुठल्या कुठं गेलं! मात्र ही यंत्रणा पुढच्या काही दिवसांचा अंदाज देते. शंभर वर्षांचं गणित इतक्या बारीक चौकटींनी करायचं तर अर्कलाही झेपणार नाही, म्हणून तिथं अजून मोठ्या चौकटी वापरतात.

आणि ६ किलोमीटरच्या जाळ्यातूनही ढग निसटतातच. दुपारी आभाळात फुगणारा कापशी ढग कधी कधी एक किलोमीटरचाही नसतो. अशा ढगांसाठी वेगळी सूत्रं बनवावी लागतात, आणि सूत्र चुकीचं असेल तर चौकट कितीही बारीक केली तरी पाऊस चुकतो. त्यासाठी ढगात आत काय चाललंय ते माहीत पाहिजे. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानं थेट ढगांत नेली. तिथं त्यांनी थेंब किती मोठे, किती दाट, वारा किती वेगानं वर चढतोय हे मोजलं. मुख्य प्रयोग कृत्रिम पावसाचा होता, पण त्या मोजमापांवरून ढगांची सूत्रंही तपासता येतात.