सामाईक घराचा हिशेब

चांदणी चौकातून पौडकडे निघाले म्हणजे भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे ओळीने लागतात. दुसऱ्या अंगाला बावधन, सूस, म्हाळुंगे, आणि पलीकडे माण, हिंजवडी. जेथे आंबेमोहराची भातखाचरे होती तेथे आज उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहावयास आलेला माणूस बहुधा नोकरदार, कर्ज काढून घर घेतलेला आणि दिवसभर घराबाहेर असणारा असा आहे. याच मुळशी तालुक्यात १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. जमीन कोणाची आणि तिच्याविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, हा त्या लढ्यातला प्रश्न होता. आजच्या सदनिकाधारकाची तक्रार त्यापुढे अगदी किरकोळ वाटेल. मासिक वर्गणी वाढत जाते, लिफ्ट बंद असते, हिशेब मागितला तर चिटणीस ‘पुढल्या महिन्यात पाहू’ म्हणतात, एवढीच ती तक्रार. पण ज्याने वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही केली आहे त्याला ती किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

सदनिका घेणारा मनुष्य वास्तविक दोन वस्तू विकत घेतो. एक, चार भिंतींच्या आतली जागा. दुसरी, जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, विहीर, रस्ता यांतला सामाईक वाटा. पहिलीची तो डोळ्यांत तेल घालून पाहणी करतो. नळ, फरशी, खिडक्या, सारे तपासतो. दुसरीकडे त्याचे लक्षही जात नाही. आणि कारभार बिघडतो तो नेमका या दुसऱ्या वस्तूचा.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की आपण कोणत्या कायद्याखाली राहतो? हा प्रश्न विचारला तर दहांतले बरेच लोक ‘सोसायटीत’ असे सांगतात. पण पुण्याच्या परिसरात फाटकावर ‘सोसायटी’ असा फलक आणि कागदोपत्री मात्र ‘अपार्टमेंट कॉन्डोमिनियम’ असा प्रकार पुष्कळ आढळतो. कॉन्डोमिनियम म्हणजे सहस्वामित्व, इतकाच त्या लॅटिन शब्दाचा अर्थ. सहकारी गृहनिर्माण संस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखाली नोंदली जाते. इमारत व जमीन संस्थेच्या मालकीची आणि सभासदाकडे भागपत्र, असा तिचा बांधा. मुंबईत गावदेवीला रावबहादूर तल्मकी यांच्या खटपटीने १९१५ साली सारस्वत मंडळींची संस्था निघाली तेव्हापासून हा प्रकार आपल्या अंगवळणी पडला आहे. कॉन्डोमिनियम हे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याचे अपत्य. तेथे एक घोषणापत्र नोंदविले जाते, त्यालाच पोटनियम जोडलेले असतात, आणि प्रत्येक सदनिकेच्या नावे सामाईक मिळकतीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

हा भेद केवळ वकिलांच्या उपयोगाचा आहे असे कोणी समजू नये. सहकारी संस्थेत पहारेकरी, झाडलोट, कार्यालय यांचा सेवाखर्च लहान-मोठ्या सर्व सदनिकांना सारखा पडतो. कॉन्डोमिनियममध्ये तो त्या टक्क्यांप्रमाणे पडतो. म्हणून ‘मोठ्या घराला जास्त का नाही?’ किंवा ‘मलाच जास्त का?’ या भांडणाचे उत्तर एका इमारतीत एक आणि शेजारच्या इमारतीत दुसरे असू शकते, आणि दोन्ही बरोबर असतात. आमच्या पाहण्यात आलेली निम्मी भांडणे घोषणापत्र किंवा पोटनियम उघडून न पाहिल्यामुळे चाललेली होती. कपाटातून ते कागद काढा. नसतील तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून घोषणापत्राची नक्कल मिळते.

आता पैसा जातो कोठे ते पाहू. या भागात सर्वांत मोठी गळती बहुतेक वेळा पाण्याच्या खर्चात असते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते, आणि धरणाच्या तालुक्यातल्या नव्या वसाहती उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात! सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेली, पण हद्द बदलली म्हणून नळाला त्याच दिवशी पाणी येते असे नाही. असो. समजा, तीनशे सदनिकांच्या वसाहतीत रोज दहा हजार लिटरचे दहा टँकर येतात आणि बिल बारांचे निघते. टँकरला हजार रुपये धरले तर दिवसाला दोन हजार, महिन्याला साठ हजार, वर्षाला सात लाख वीस हजार रुपये जास्त गेले. रक्कम मोठी आहे. पण ती तीनशे घरांवर वाटली म्हणजे दरमहा घरटी दोनशे रुपये होतात, आणि दोनशे रुपयांसाठी शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? गैरकारभार टिकतो तो या भागाकाराच्या आधाराने. चोरी झालीच असेल असेही नाही. पुष्कळदा कोणी मोजलेलेच नसते. फाटकावरची वही पहारेकरी भरतो, चलने एका डब्यात पडून असतात, आणि बिल आले की खजिनदार सही करतो. पण वही, चलने आणि बिल हे तीन कागद एका महिन्याचे जरी शेजारी शेजारी ठेवले, तरी खरे काय ते एका संध्याकाळी कळते.

येथे एक सल्ला नेहमी मिळतो : ‘हिशेब देत नाहीत ना? मग वर्गणी देऊ नका.’ तो आम्हाला अगदी घातक वाटतो. थकबाकीवर व्याज चढते. सहकारी संस्थेला ती रक्कम निबंधकाचा दाखला मिळवून जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कॉन्डोमिनियममध्ये तिचा बोजा सदनिकेवरच बसतो. शिवाय थकबाकीदाराला समितीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. म्हणजे ज्याने कारभार सुधारावयाचा, त्यानेच आपले पाय तोडून घेतले असे होते. आणि समितीला आयती सबब मिळते : ‘हेच ते, पैसे न देणारे!’ वर्गणी भरावी, पावती घ्यावी, वाटल्यास ‘हरकत राखून’ असे लेखी कळवावे.

मग करावे काय? मागावे, पण लेखी मागावे. सभासदाला संस्थेचे पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारापुरत्या वह्या पाहण्याचा हक्क सहकारी कायद्याने पूर्वीपासून दिलेला आहे, आणि फी भरून नकलाही मिळतात. कॉन्डोमिनियमच्या कायद्यानेही जमाखर्चाची तारीखवार नोंद ठेवणे आणि ती कामाच्या दिवशी सोयीच्या वेळी कोणाही सदनिकाधारकाला पाहू देणे हे व्यवस्थापक मंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. मागणी मोघम नसावी. ‘सगळा हिशेब द्या’ या अर्जाला कधीच उत्तर येत नाही. ‘एप्रिल ते जूनची टँकरची बिले व चलने’ अशा अर्जाला उत्तर द्यावे लागते, आणि न दिल्यास न दिल्याचा पुरावा आपल्या हाती राहतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

कागदानंतर सभा. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर झाली पाहिजे आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. आदर्श पोटनियमांप्रमाणे गणपूर्ती किती, हे पुष्कळांना माहीत नसते. एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती! चारशे घरांच्या वसाहतीचा लाखोंचा कारभार वीस माणसे मंजूर करू शकतात. तेही न जमले तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि नोटिशीत तशी सूचना असेल तर त्यानंतर गणपूर्तीची अटच राहत नाही. रविवारी सकाळी बाकीचे लोक भाजी आणावयास गेलेले असतात, तेवढ्यात वर्गणी वाढून जाते. मागाहून जिन्यात उभे राहून केलेली टीका इतिवृत्तात येत नाही. सभेत ‘विरोध’ नोंदविण्याचा आग्रह धरावा आणि इतिवृत्ताची प्रत आल्यावर तो आला आहे का ते पाहावे.

समिती सभाच बोलावीत नसेल तर एक-पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. न बोलावल्यास निबंधक बोलावू शकतो. साठ सह्या! तीनशे घरांत साठ सह्या मिळविणे हे जितके सोपे वाटते तितके नसते. भाडेकरूची सही चालत नाही, मालक परगावी असतो, आणि एखादा सज्जन ‘मी तुमच्या बाजूचा, पण सही नको’ म्हणतो. दोन-तीन रविवार यातच जातात. परंतु त्या निमित्ताने लोक एकमेकांना प्रथमच ओळखू लागतात, हा लाभ आम्हाला सह्यांहून कमी वाटत नाही. ही सभा जमली तर तेथे भाषणे करू नयेत. एक लेखी ठराव मांडावा : अमुक खर्चाची तपासणी तीन सभासदांनी करावी, आणि अमुक तारखेस अहवाल द्यावा. समितीतले लोकही बिनपगारी, नोकरीवरून थकून येणारे असतात. त्यांच्यावर पहिल्याच दिवशी चोरीचा आळ घातला तर चांगली माणसे राजीनामे देतात आणि निर्ढावलेली तेवढी उरतात.

एवढ्याने काम झाले नाही तर पुढील पायऱ्या आहेत. लेखापरीक्षकाने दाखविलेले दोष दुरुस्त केल्याचा अहवाल समितीने द्यावयाचा असतो, तो मागावा. कलम ८३ खाली एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावरून किंवा स्वतःहून निबंधकाला संस्थेच्या कारभाराची चौकशी लावता येते. तीत पैशाचा गैरवापर सिद्ध झाला तर कलम ८८ प्रमाणे जबाबदार व्यक्तींकडून भरपाई घेता येते. सभासद व संस्था यांच्यातला वाद, म्हणजे निवडणूक, सभेचा ठराव, हक्क यांविषयीचा, कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. निबंधकाकडे न्यायालयाचे काम आणि न्यायालयात निबंधकाचे काम घेऊन गेलेले अर्ज वर्ष वर्ष फिरत राहतात, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी हे ठरवावे. कॉन्डोमिनियमच्या सभासदाने मात्र ही कलमे जशीच्या तशी उचलू नयेत. त्याचा आधार नोंदविलेले घोषणापत्र व पोटनियम; त्यांचा भंग झाला तर कोठे दाद मागावयाची हे कायद्याचे चालू रूप पाहून जाणत्या वकिलाला विचारावे.

ज्या वसाहतींत अजून बांधकाम व्यावसायिकच कारभार पाहतो तेथे वरील पायऱ्यांना आरंभच होत नाही, कारण मंडळच अस्तित्वात नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था किंवा संघ स्थापन करणे विकासकाचे कर्तव्य आहे. न केल्यास महारेराकडे तक्रार होते. ताबा घेताना भरलेली आगाऊ देखभालीची रक्कम कोणत्या खात्यात आहे, त्यातून आजवर काय खर्च झाले, हे पहिल्याच समितीने लेखी घ्यावे. त्याबरोबर मंजूर नकाशे, भोगवटापत्र, लिफ्टचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, विहिरीच्या व वीजजोडणीच्या फायली मागून घ्याव्यात. सहकारी संस्था असूनही सात-बारावर विकासकाचेच किंवा मूळ शेतकऱ्याचेच नाव राहिले असेल, तर १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात २००८ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करता येतो. विकासकाची सही त्याला लागत नाही.