बिअर निर्मलन, घरगुती

बिअर निर्मलन, घरगुती : घरी तयार केलेल्या बिअरमधील निलंबित (लोंबकळत राहिलेले) सूक्ष्म कण काढून ती नितळ करण्याची क्रिया. बिअरला गढूळपणा मुख्यतः ⇨ यीस्ट, स्टार्च, सूक्ष्मजंतू आणि प्रथिने व पॉलिफिनॉले यांची जटिले यांमुळे येतो. कारण न ओळखता केलेला उपाय बहुधा निष्फळ ठरतो.

निर्मलनाची सुरुवात किण्वनापूर्वीच होते. माल्टातील स्टार्चाचे शर्करेत रूपांतर अपुरे राहिल्यास येणारा गढूळपणा पुढे सहसा जात नाही. आयोडिनाच्या विद्रावाने निळा रंग आल्यास स्टार्च शिल्लक आहे, असे समजतात. माल्टाचा अर्क हॉपसह ६० ते ९० मिनिटे जोराने उकळला म्हणजे प्रथिने साखळून त्यांचे पुंजके बनतात. अखेरच्या १०–१५ मिनिटांत आयरिश मॉस हे लाल शैवल घातल्यास त्यातील ऋण विद्युत् भारित कॅराजिनन प्रथिनांशी संयोग पावते. नंतर अर्क त्वरेने थंड केल्यास आणखी प्रथिने साक्याच्या रूपात वेगळी होतात.

किण्वन संपताच यीस्टच्या कोशिका एकमेकींस चिकटून तळाशी बसू लागतात. हा गुण वाणपरत्वे कमीअधिक असतो. बिअर ०° ते ४° से. तापमानास एक-दोन आठवडे ठेवल्यास हे काम सुकर होते. थंडीत दिसणारा व ऊब मिळताच नाहीसा होणारा ‘शीत गढूळपणा’ही या काळात साक्याबरोबर बराच खाली बसतो. मग वरची बिअर, हवा मिसळू न देता, नळीने काढून घेतात. घाई असल्यास जिलेटीन वा माशांच्या वाताशयांपासून मिळणारे आयसिंग्लास वापरतात. ही धन भारित प्रथिने ऋण भारित यीस्टला ओढून घेतात. आयसिंग्लास मात्र तापवल्यास निरुपयोगी होते.

जंतुसंसर्गाने आंबट व गढूळ झालेली बिअर निर्मलनाने सुधारत नाही. उपकरणांची स्वच्छता हाच तिचा प्रतिबंधक उपाय होय. तसेच नितळपणा हा किण्वन पुरे झाल्याचा पुरावा नव्हे. विशिष्ट गुरुत्व दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरल्यास कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दाबाने त्या फुटून इजा होऊ शकते. जर्मनीतील गव्हाची बिअर मुद्दाम गढूळ ठेवतात. तेथे गढूळपणा दोष मानीत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्यनिर्मिती करणे हा गुन्हा आहे.